जुनी औषधे आणि कर्करोग : खरे किती, खोटे किती?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली असताना जवळच्या खेड्यातले एक आबा मुलाबरोबर दवाखान्यात आले. त्यांचे घर पंचवीस वर्षे माझ्याकडे औषधाला येते. वय पासष्ट, शेतकरी, तंबाखू-चुन्याची सवय विशीपासूनची. तीन महिन्यांपूर्वी मीच त्यांच्या गालाच्या आतली न भरणारी जखम पाहून त्यांना तुकडा तपासायला पाठवले होते. रिपोर्ट कर्करोगाचा आला. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने शस्त्रक्रियेची तारीखही दिली. ती झाली असेल, असे मी धरून चाललो होतो.

आबा समोर बसले आणि मला पहिल्यांदा दिसले ते त्यांचे डोळे. पिवळेजर्द. मग तोंड उघडायला सांगितले. दोन बोटेही आत जाईनात.

"आबा, ऑपरेशन झालं ना?" मी विचारले.

आबांनी मुलाकडे पाहिले आणि मुलाने जमिनीकडे. मग त्याने मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "डॉक्टरसाहेब, गाल कापणार म्हटल्यावर आबा घाबरले. तेवढ्यात पाहुण्यांनी हा मेसेज पाठवला."

मेसेज मराठीत होता. कुत्र्या-मांजरांना देतात त्या जंताच्या गोळीने कर्करोग पूर्ण बरा होतो, औषध कंपन्या ही गोष्ट लपवून ठेवतात, असा त्याचा सारांश. त्यावरून मुलाने जनावरांच्या औषधांच्या दुकानातून फेनबेंडाझोल नावाचे औषध आणले आणि आबांना दोन महिने रोज दिले. आबांची शस्त्रक्रियेची तारीख निघून गेली होती.

मी रागावणार होतो, पण रागावलो नाही. कारण मुलाने डोळ्यांत पाणी आणून विचारले, "पण डॉक्टरसाहेब, जुन्या औषधाचा दुसऱ्या रोगाला उपयोग होतच नाही का?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर 'होतो' असेच आहे. मात्र पुढचा भाग कोणताही मेसेज सांगत नाही. तो सांगण्यासाठी आजचा हा लेख.

बदनाम गोळीचा पुनर्जन्म

आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा थॅलिडोमाइड हे नाव आम्हाला धडा म्हणून शिकवले जाई. हे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेची गोळी म्हणून बाजारात आले. गरोदर स्त्रियांना सकाळच्या मळमळीवरही ते दिले जाऊ लागले. पुढे हात-पाय न वाढलेली बालके जन्माला येऊ लागली. अशा बालकांची जगभरातली संख्या दहा हजारांच्या घरात गेली. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत औषध मागे घेतले गेले. अमेरिकेत डॉ. फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली होती, त्यामुळे तो देश मोठ्या संकटातून वाचला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण १९६४ साली जेरुसलेम येथे डॉ. जेकब शेस्किन यांनी वेदनेने झोप न लागणाऱ्या एका कुष्ठरोग्याला ही गोळी दिली, ती केवळ झोपेसाठी. कुष्ठरोगात काही रुग्णांना ताप येतो आणि अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात. त्या रुग्णाचा हा त्रास एक-दोन दिवसांतच कमी झाला. नको ते औषध एका विशिष्ट त्रासावर हवे ते ठरले.

पुढे १९९४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना सशांवरील प्रयोगात दिसले की हे औषध नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. कर्करोगाच्या गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. मग अस्थिमज्जेचा कर्करोग, म्हणजे मल्टिपल मायलोमा, झालेल्या आणि इतर उपचार थकलेल्या ८४ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली. तिचा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत रोग मागे हटला होता. आज या रोगाच्या रुग्णांना थॅलिडोमाइड किंवा त्याच कुळातले लेनॅलिडोमाइड सर्रास दिले जाते. अर्थात गरोदर स्त्रीला ते आजही विषासमानच आहे.

सोमलाची कथा

दुसरे उदाहरण सोमलाचे. सोमल म्हणजे आर्सेनिक. आपल्या आजीच्या गोष्टींत राजाला मारण्यासाठी दुधात घालतात तेच. चीनमधल्या हार्बिन शहरात १९७० च्या दशकात डॉ. झांग टिंगडोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गावठी औषधाचा अभ्यास केला. त्यात सोमलाबरोबर पाराही होता. त्यांनी एकेक घटक वेगळा करून पाहिला आणि खरे काम सोमलाचे आहे हे ओळखले. ते सर्व कर्करोगांवर चालत नव्हते. रक्ताच्या कर्करोगाच्या प्रोमायलोसायटिक नावाच्या एका प्रकारावर मात्र ते उत्तम चालत होते.

याच प्रकारावर शांघायच्या डॉ. वांग झेन्यी यांनी १९८५ मध्ये 'अ' जीवनसत्त्वापासून तयार होणारे एक औषध एका पाच वर्षांच्या मुलीला दिले. या कुळातली औषधे तोपर्यंत त्वचारोगांसाठी माहीत होती. ती मुलगी बरी झाली. एके काळी या रोगात रुग्ण रक्तस्राव होऊन काही दिवसांत दगावत. आता ही दोन औषधे एकत्र दिल्याने कमी जोखमीचे बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांना नेहमीची केमोथेरपीही लागत नाही.

मात्र हेच सोमल पिण्याच्या पाण्यातून वर्षानुवर्षे पोटात गेले तर त्वचेचा आणि मूत्राशयाचा कर्करोग होतो. एका रोगात तारणारा पदार्थ दुसरीकडे तोच रोग देतो. म्हणून कोणते औषध, कोणत्या रोगाला, किती मात्रेत आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे चार शब्द वगळले की औषधाचे विष व्हायला वेळ लागत नाही.

मुंबईतले दोन प्रयोग

अशी कामे फक्त परदेशात होतात असे नाही. आपल्या मुंबईतल्या टाटा रुग्णालयाचे काम या बाबतीत अभिमान वाटावा असे आहे.

दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करणारे इंजेक्शन आपण सर्वांनी घेतलेले असते. त्या औषधाला आम्ही लिग्नोकेन म्हणतो. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते, त्या वेळी काही पेशी निसटून रक्तात जात असतील, तर गाठीभोवती हे औषध आधी टोचल्याने त्यांना अटकाव होईल का, असा प्रश्न डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. भारतातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १६०० स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीच्या सर्व बाजूंनी हे इंजेक्शन दिले, निम्म्यांना दिले नाही. बाकी उपचार सारखेच. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी शेकडा ९० स्त्रिया हयात होत्या आणि न घेतलेल्यांपैकी शेकडा ८६. शंभरात चार स्त्रिया अधिक वाचल्या, त्याही अगदी स्वस्त औषधाने. ही एकच चाचणी आहे आणि इतरांनीही ती करून पाहायला हवी, असे तज्ज्ञ म्हणतात. पण ती केली गेली, मोजली गेली आणि छापली गेली, हे महत्त्वाचे.

दुसरा प्रयोग आबांच्या रोगाशी जवळचा. तोंड, घसा व मानेचा कर्करोग इतका पसरला की शस्त्रक्रियेने बरा होणे शक्य नाही, अशा ४२२ रुग्णांवर टाटा रुग्णालयात चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीचे सिसप्लॅटिनचे इंजेक्शन दिले. निम्म्यांना घरी घेण्याच्या साध्या गोळ्या दिल्या. त्यातली एक मिथोट्रेक्झेट आणि दुसरी सेलेकॉक्सिब. दुसरी गोळी तुमच्यापैकी कित्येकांनी गुडघेदुखीसाठी घेतली असेल. २०२० मध्ये निष्कर्ष आला. रुग्णांचे मध्यम आयुर्मान इंजेक्शनने ६.१ महिने आणि गोळ्यांनी ७.५ महिने. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांनी कमी. दीड महिना म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण मुंबईच्या खेपा आणि सलाईनचे बाक टाळून घरी मिळालेला तो दीड महिना असतो.

येथे एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवावी. या गोळ्या शस्त्रक्रिया *शक्य नसलेल्यांसाठी* होत्या. ज्यांची गाठ काढता येते, त्यांनी त्या घेऊन शस्त्रक्रिया टाळावी, असे ही चाचणी म्हणत नाही.

माझीच एक चूक

आता थोडे स्वतःविषयी सांगतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची जुनी गोळी घराघरांत आहे. २००५ साली स्कॉटलंडच्या डॉक्टरांनी नोंदी तपासून सांगितले की ही गोळी घेणाऱ्या मधुमेहींना कर्करोग कमी होतो. मग असे अनेक अहवाल आले. मी ते वाचून भारावून गेलो. २०१६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या एका ताईंना मधुमेह नसतानाही मी मेटफॉर्मिन लिहून दिली. "स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, झाला तर फायदाच," असे माझे शब्द होते.

२०२२ मध्ये मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. स्तनाचा कर्करोग झालेल्या, पण मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांना दोन गटांत विभागून निम्म्यांना पाच वर्षे मेटफॉर्मिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली होती. एकंदरीत रोग उलटण्यात काही फरक पडला नाही.

मी ताईंना बोलावले. चौकशी केली तेव्हा त्या म्हणाल्या, "पोट कायम बिघडलेलं असायचं, पायाला मुंग्या यायच्या. पण तुम्ही दिलीय म्हणून घेत राहिले." रक्त तपासले तर बी-१२ जीवनसत्त्व कमी. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते, हे मला ठाऊक असायला हवे होते. मी गोळी बंद केली आणि त्यांची क्षमा मागितली. मधुमेहींनी मात्र हे वाचून आपली गोळी बंद करू नये. त्यांना ती साखरेसाठी हवीच आहे.

मग आधीचे अहवाल खोटे होते का? खोटे नव्हते, पण फसवे होते. समजा, 'ज्यांनी पाच वर्षे गोळी घेतली ते जास्त जगले' असे कोणी म्हटले. पण पाच वर्षे गोळी घेण्यासाठी आधी पाच वर्षे जगावे लागते! जे लवकर गेले ते 'गोळी घेणाऱ्यां'च्या यादीत आलेच नाहीत. जुन्या नोंदींतून हिशेब काढताना अशी चूक सहज होते. म्हणूनच चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून, पुढे वर्षानुवर्षे पाहत राहण्याला पर्याय नाही.

बशीतला कर्करोग आणि माणसातला

जंताच्या औषधांचे काय? मेसेजमध्ये 'प्रयोगशाळेत सिद्ध' असे लिहिलेले असते. ते निव्वळ थाप नाही. मेबेंडाझोल, फेनबेंडाझोल, आयव्हरमेक्टिन या औषधांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी मरतात, असे प्रयोग झाले आहेत. पण बशीत मिठाचे तीव्र पाणी ओतले तरी पेशी मरतात. मीठ खाऊन कर्करोग बरा होत नाही. बशीत औषध थेट पेशीवर पडते, आणि पुष्कळदा इतक्या मात्रेत की तेवढी मात्रा रक्तात आणायची तर माणूसच दगावेल. गोळी पोटात गेली की थोडी शोषली जाते, यकृत तिचे रूप बदलते आणि उरलेली अंगभर पसरते. गाठीपर्यंत किती पोहोचते, हा खरा प्रश्न.

आयव्हरमेक्टिनच्या शोधाला २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे खरे. पण ते परजीवी कृमींच्या रोगांसाठी. माणसांवरच्या चाचणीत या जंताच्या औषधांनी कर्करोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. कुत्र्याच्या गोळीची कथा अमेरिकेतल्या एका गृहस्थांच्या अनुभवावरून जगभर पसरली. ते गृहस्थ त्याच काळात कर्करोगाच्या एका नव्या औषधाच्या चाचणीतही होते, ही बाब मेसेज पुढे जाता जाता गळून पडली.

फेनबेंडाझोल हे जनावरांचे औषध आहे, माणसासाठी त्याला मान्यता नाही. जपानमध्ये ऐंशी वर्षांच्या एका कर्करोगी बाईंनी समाजमाध्यमावरची माहिती वाचून ते घेतले. त्यांच्या यकृताला इजा झाली आणि औषध थांबवल्यावर ती भरून आली. गाठ मात्र कमी झाली नव्हती. ही नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली. शाळेत जंतनाशक दिनाला मुलांना देतात ती अल्बेंडाझोलची एक गोळी सुरक्षित आहे, तिची धास्ती घेऊ नये. पण माणसांची जंताची औषधेही महिनोन् महिने मनाने घेतली तर यकृताला त्रास होऊ शकतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरू शकतात.

कंपन्या खरोखर लपवतात का?

या आरोपात एक कण सत्य आहे. जुन्या औषधाचे पेटंट संपलेले असते. त्यावर कोट्यवधी रुपये खर्चून चाचणी केली तरी गोळी दोन रुपयांनाच विकायची, मग कंपनीला रस कशाला? म्हणून अशा चाचण्या सरकारी पैशावर आणि विद्यापीठांतून कराव्या लागतात, आणि त्या मागे पडतात. त्यासाठी आपण सर्वांनी आग्रह धरायला हवा. पण चाचणी झाली नाही म्हणजे औषध गुणकारी आहे, असा अर्थ निघत नाही.

चाचण्या झाल्या की उत्तर कसे बारकाव्याचे येते, याचे ॲस्पिरिन हे ताजे उदाहरण. स्तनाच्या कर्करोगाच्या तीन हजारांवर रुग्णांना ते दिले, उपयोग झाला नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. पण स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड या देशांत मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झालेल्या, आणि गाठीत एक विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले. रोग उलटण्याचे प्रमाण शेकडा १४ वरून सुमारे ८ वर आले. हा निष्कर्ष २०२५ चा. गोळी तीच. एका कर्करोगात निरुपयोगी, दुसऱ्यात, तेही काही निवडक रुग्णांत, मोलाची. आणि ज्यांना पोटात अल्सर आहे त्यांना रक्तस्रावाचा धोका देणारीही तीच.

मग आपण काय करावे?

असा मेसेज आला तर तो डॉक्टरांना दाखवा. लाजू नका, डॉक्टर रागावले तरी दाखवा. आणि हे प्रश्न विचारा : हा प्रयोग बशीत झाला, उंदरांत झाला की माणसांत? माणसांत झाला असेल तर तुलनेसाठी दुसरा गट होता का? माझ्याच प्रकारच्या कर्करोगावर झाला का? आणि ते औषध नेहमीच्या उपचाराबरोबर दिले होते की त्याऐवजी?

कर्करोगाचा उपचार चालू असताना दुसरे कोणतेही औषध, काढा किंवा भुकटी घेत असाल तर ते सांगा. काही औषधे केमोथेरपीचा जोर कमी करतात, काही तिचे विष वाढवतात. चाचणीत भाग घ्यायची इच्छा असेल तर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना विचारा. अधिकृत चाचणीत लेखी संमती घेतली जाते आणि रुग्णावर लक्ष ठेवले जाते. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांची सोय आहे, त्याची चौकशी करा.

आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली असेल तर ती चुकवू नका. कर्करोगात वेळ हेही एक औषध आहे. ते एकदा सांडले की कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आबांचे काय झाले, हे वाचक विचारतील. गोळ्या बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांत कावीळ उतरली. मग शस्त्रक्रिया झाली. आधी फक्त गालाचा भाग काढावा लागणार होता, आता जबड्याच्या हाडाचा तुकडाही काढावा लागला आणि नंतर रेडिएशन घ्यावे लागले. आबा सध्या भाकरी दुधात कुस्करून खातात. तंबाखू सुटली आहे. मागच्या खेपेला मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आमचं नाव नका लिहू, पण हे लिहा. त्या मेसेजपेक्षा जास्त लोकांनी वाचलं पाहिजे."

म्हणून लिहिले.